चढावरच्या सात खुर्च्या

काकीच्या काळजात दोन जावा नांदत होत्या. हे तिचंच म्हणणं. डॉक्टरांनी तिच्या हृदयाच्या नळीत दोन स्प्रिंगा बसवल्या होत्या, त्यांना ती थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ म्हणायची. सकाळी चुलीपाशी बसली की छातीवर हात ठेवून आधी दोघींची चौकशी व्हायची. "थोरली गुणाची हाय. धाकटी जरा कुरकुरतेय, तिला थंडी वाजते." सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे पुढे मीच कामावरून आल्यावर चप्पल काढता काढता विचारायला लागले, "काय काकी, जावा काय म्हणतात?"

मी तिची भाडेकरू. महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात लॅबमध्ये नोकरी, शिफ्ट ड्युटी. मूळची मी घाटावरची. वरंधच्या रस्त्याला एक फाटा लागतो, तिथून वीस मिनिटं चढून गेलं की तिची वाडी. बिरवाडीत खोल्या मिळत होत्या, पण तिथं खिडकी उघडली की समोरच्याची भिंत हाताला लागायची. काकीच्या पडवीतून अख्खी दरी दिसायची. त्या दरीला भुलून मी रोजचा चढ पत्करला, आणि पहिल्या पावसाळ्यात स्वतःला बऱ्याच शिव्या घातल्या.

खोली बघायला गेले तेव्हा तिनं मला नाव विचारलं नाही. "घाटावरची हायस? मंग भाकरी येत असंल. भात येतो?" म्हटलं, येतो. "मंग दोनी तूच कर. मी मासळी करीन." झाली बोलणी. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा नालासोपाऱ्याला, सहासष्ट वर्षांची बाई एकटी घर आणि भाताची चार खाचरं सांभाळून होती. लहानखुरी, काटक, आणि तोंड असं की बाहेरची कोंबडी आत येताना विचार करायची.

तिला झटका आला तो लावणीच्या दिवसांत. पण तो झटका आहे हे कुणाला कळणार? आमच्या घाटावर आणि त्यांच्या कोकणातही एक गोष्ट पक्की ठरलेली: हार्ट अ‍ॅटॅक बाप्यांना येतो. पुढाऱ्यांना येतो, सावकारांना येतो. बायांना होतं ते पित्त. काकीला जबड्यात कळा यायला लागल्या, पाठ भरून आली, घाम सुटला, तेव्हा तिनं पित्ताचा इलाज केला. आमसुलं पाण्यात कुस्करली, चिमूटभर जिरं घातलं, प्याली आणि गेली खाचरात. एक दिवस नव्हे, दोन दिवस. पाठीवर पावसाचं इरलं आणि छातीत झटका घेऊन बाईनं दोन खाचरं लावली.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी पहिल्या पाळीला निघाले तर ही पायरीवर बसलेली, हातात आमसुलाच्या पाण्याचा तांब्या. चेहरा राखेसारखा. मला म्हणाली, "लय हट्टी पित्त हाय गो." मी लॅबवाली, डॉक्टर नाही, पण हा रंग पित्ताचा नाही एवढं कळत होतं. तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. शेजारच्या तिघांना हाका मारल्या, पडवीतली लाल प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, तीत तिला बसवली आणि चौघांनी उचलून चिखलातून खाली नेली. वाटभर ती आम्हाला सूचना देत होती. "अरं डावीकडं घे. माजा पदर लोंबतोय, तो बग कोनी."

फाट्यावर आमची कंपनीची बस उभी. ड्रायव्हरला म्हटलं, महाडला चला, दवाखान्यात. त्यानं आरशातून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गाडी सोडली. कंपनीच्या गेटवर माणसं उतरवायलासुद्धा तो थांबला नाही. चाळीस माणसांची पाळी उशिरा लागली, पण कुणी हूं की चूं केलं नाही. काकी मात्र अस्वस्थ. दोन सिटांवर आडवी पडून ती कंडक्टर शोधत होती. "ह्याला सांग, माजं हाफ काडायचं. बायांना हाफ हाय." मी रडत होते आणि हसत होते, दोन्ही एकदमच.

महाडच्या डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, इंजेक्शन दिलं आणि ताबडतोब मोठ्या गावी धाडली. तिथं जावा आल्या. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, दुखत कधीपासून होतं? म्हणाली, "परवापास्नं. पन लावनी उरकली." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, असं तिचा मुलगा मला पुढे सांगत होता.

घरी आली आणि नवाच ताप सुरू झाला. तिला कुणी माणूस म्हणून वागवेना. हंडा उचलायचा नाही, चुलीजवळ बसायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. पातेलं पडलं तरी लोक दचकून तिच्या छातीकडे बघायचे. भेटायला येणारे बिस्किटांचे पुडे घेऊन यायचे, भिंतीला टेकून बसायचे आणि कुजबुजायचे. काकी खाटेवरून म्हणाली, "मी हितं जिती हाय आनि ही मान्सं तेराव्याला आल्यावानी बसलीत."

गौरी-गणपतीला मुलगा आला. भला माणूस, पण धसका घेतलेला. गणपती उठल्यावर त्यानं विषय काढला. "आये, तू आता माझ्याकडं चल. लिफ्ट हाय, दवाखाना समोर हाय. रिस्क कशाला?"

"तितं मी काय करू?"

"काय नाय करायचं. आराम."

"किती दिस?"

त्यावर तो जे बोलला ते मला अजून आठवतं, कारण बोलताना त्याचा आवाज फाटला. "मला परत तसला फोन आला तर मी काय करू? तुला फाट्यापर्यंत चौघांनी उचलून न्यावं लागतं. मी तिकडं लोकलला लटकत असतो. सांग ना, काय करू मी?"

काकी म्हणाली, "शिमग्याला येशील तवा मी तुला घेयाला फाट्यावर येते. चालत. आनि तुज्यासंगं चालत वर येते. वर आले तर हितं ऱ्हानार. नाय आले तर बॅग भर."

तो कबूल झाला. मला वाटतं, त्याला खात्री होती की बॅग भरायची आहे.

महिन्याच्या तपासणीला महाडच्या डॉक्टरांना मीच विचारलं, हे असं चालेल का? ते म्हणाले, चालायलाच पाहिजे. रोज थोडं, हळूहळू वाढवत. कसोटी एकच: चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबायचं आणि बसायचं. जिभेखालची गोळी सोबत, आणि रोजच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. काकीला आजवर कुठल्या डॉक्टरानं एवढं मनाजोगं औषध दिलं नव्हतं. रस्त्यानं बोलत सुटायचं, तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

पहिल्या दिवशी काकी निघाली. बोलणं तुटलं की दिसेल त्या ओटीवर टेकायची. आता त्या वाडीची रीत अशी, की दारात टेकलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय सोडायचं नाही. नको म्हटलं तर "का गो, आमचा च्या गोड लागत नाय?" चार घरं चालून काकी परत आली ती तीन कप गोड चहा, एक बशी पोहे आणि कुणाकडचा सांडगा पोटात घालून. संध्याकाळी तिला पित्त झालं. ह्या वेळी अगदी खरोखरचं पित्त. तरी मी तिला महाडला नेऊन पट्टी काढून आणली, आणि वाटभर तिच्या शिव्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरच्या खुर्च्या खाली काढायला लावल्या. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला घेतलेल्या, लाल, सात. त्यातल्याच एकीत बसून ती खाली गेली होती. म्हणाली, "ह्या रस्त्याला मांड. जितं माजं बोलनं तुटंल तितं एक." आणि मग तिनं वाडीला कायदा सांगितला. खुर्ची तिची, रस्ता सगळ्यांचा. खुर्चीत बसलेली काकी कुणाच्या दारात आलेली नाही, म्हणजे ती पाहुणी नाही, म्हणजे तिला चहा विचारायचा नाही. "मी तुज्या घरी आले तर दोन कप पीन. पन मी आता घरी नाय, खुर्चीत हाय." लोकांना हे पटायला आठ दिवस लागले. एका म्हातारीनं तर कायद्यातून वाट काढून खुर्चीपाशी चहा आणून दिला. काकीनं तो शेजारच्या बकरीपुढे ठेवला. त्यानंतर कुणी आणला नाही.

पहिल्या आठवड्यात सातही खुर्च्या मिळून वाडीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत पोचत नव्हत्या, एवढ्या जवळजवळ होत्या. मग दर आठवड्याला माझ्या सुट्टीच्या दिवशी खुर्च्यांची बदली व्हायची. बदली हा तिचाच शब्द. मी डोक्यावर खुर्ची उलटी घालून पुढे, काकी मागून हुकूम सोडत. "आनकी चार पावलं. आनकी दोन. बस, हितं. आता सरकारी नोकरीला लागली ही." शेवटची खुर्ची टाकीपाशी गेली, मग फणसाखाली, मग वळणावर. वाडीतली माणसं काकीला "तब्येत कशी" असं विचारायचं विसरून गेली. "सातवी कुठवर गेली?" एवढंच विचारायची. मुंबईतल्या वाडीकरांचे फोन यायचे, त्यातही तेच. दिवाळीत सातवी खुर्ची फाट्यावर पोचली, आणि मग अंतर वाढवत आम्ही मधल्या एकेक काढून घरी आणायला लागलो.

पण रस्त्यात खुर्ची टाकून बाईमाणसानं बसायचं, हे वाडीला नवीन होतं. बाप्ये बसतात, चव्हाट्यावर, दुकानापाशी, पुलाच्या कठड्यावर, कुठंही. बाई रस्त्यात थांबते ती उभ्यानं. एकदा फणसाखालच्या खुर्चीपाशी एकजण डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन उभी, काकीशी बोलतेय, घाम गळतोय. काकी उठली. "ठेव ती आनि बस."

"नको गो, लोक बगतात."

"बगू दे. डोळं दिलेत त्यांना, काय तरी बगायला नको?"

ती बसली. बसल्यावर छातीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "मला पन चढताना हितं भरून येतं. पित्त हाय जुनं."

पित्त हा शब्द काकीला आता सोसायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं ती त्या बाईला महाडला घेऊन गेली. तिचं खरंच पित्त निघालं. डॉक्टर हसले, काकी नाही हसली. त्या हिवाळ्यात खुर्च्यांवर बसून ज्या ज्या बाईनं पित्ताचं नाव काढलं तिला तिला तिनं एस.टी.त घातलं. एकूण पाचजणी. चौघींचं पित्तच होतं. पाचवीचं नव्हतं. ती पाचवी आज धडधाकट आहे आणि काकीच्या नावानं बोटं मोडते, कारण काकीनं तिचं लोणचं बंद केलं.

सगळं असं हसण्यावारीच गेलं असं नाही. दिवाळीच्या सुमाराला काकी माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती. तिची एक मैत्रीण पोलादपूरकडची, माहेरच्या गावची. दोघी लहानपणी एका खाचरात खेकडे धरायच्या. ती गणपतीनंतर वारली. घरच्यांनी मला फोन करून सांगितलं, आणि वर बजावलं की काकीला कळता कामा नये, काळजाची पेशंट आहे. मी ऐकलं. काकी फोन करायची, मैत्रिणीची लेक सांगायची, आई रानात गेलेय. तिसऱ्यांदा "रानात गेलेय" ऐकल्यावर काकीनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "कवा गेली?"

मी सांगितलं.

"तुला ठावं होतं."

मी मान डोलावली. ती म्हणाली, "माजा हंडा घेतलास, चूल घेतलीस, मीठ घेतलंस. रडायचं तरी माजं मला ठेव."

त्या वाक्यानं मी इतकी खजील झाले की आजही कुणाची वाईट बातमी कुणापासून लपवायची वेळ आली तर माझा हात थांबतो. काकी दोन दिवस पोटभर रडली. जावांनी अजिबात तक्रार केली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मला हाक मारली, "चल गो, बदलीचा दिस हाय." मग आम्ही एक खुर्ची घरी आणली.

आता आबांबद्दल सांगायला हवं, कारण खरी अडचण चढाची नव्हतीच, आबांची होती.

आबा म्हणजे काकीचे थोरले दीर. पंच्याहत्तरी उलटलेली, उंच, अबोल, वाडीत त्यांचा शब्द शेवटचा. लग्न होऊन आल्यापासून काकी त्यांच्यापुढे कधी बसली नव्हती आणि त्यांच्याशी कधी थेट बोलली नव्हती. रीतच होती तशी. थोरला दीर समोर आला की उठायचं, पदर सारखा करायचा, बाजूला व्हायचं. काही सांगायचंच झालं तर मध्ये तिसरा माणूस लागायचा. तिसरं कुणी नसलं तर ती मांजराला सांगायची. "मने, भावजींना सांग, जेवान वाडलंय." आणि आबा मांजरापुढून जाऊन पाटावर बसायचे. मी राहायला गेल्यावर मांजराची नोकरी मला लागली. पंचेचाळीस वर्षं हे असं चाललं होतं आणि दोघांनाही त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

आणि नेमका आबांच्या ओटीसमोर तो चढ सगळ्यांत उभा. काकीचं बोलणं तुटायचं ते तिथंच, दर वेळी. खुर्ची तिथं ठेवली होती. पण संध्याकाळी पाचच्या सुमाराला काकी तिथं पोचली की आबा ओटीवर पान लावत बसलेले. मग काकी कसली बसते? खुर्चीच्या पाठीला हात लावून, पदर डोक्यावर घेऊन, धापा टाकत उभी. मी म्हटलं, खुर्ची दहा पावलं पुढे नेऊ. म्हणाली, "दम हितं सुटतो. धा पावलं फुडं नाय सुटत." म्हटलं, मी आबांना सांगते. तर माझ्यावरच डोळे वटारले. "काय सांगशील? मला बसायचंय, तुमी उठा?"

चार-पाच दिवस असे गेले. मग एके दिवशी आम्ही वळणावर दिसलो तसे आबा उठले, पानाचा डबा उचलला, काठी घेतली आणि घरात जाऊन दार लोटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर आम्ही पोचायच्या आधीच ओटी रिकामी. काकी खुर्चीत बसली खरी, पण तिचा चेहरा उतरला. "भावजींना पटलं नाय. माजं तोंड बगायला नको म्हनून उठून जातात." मलाही राग आला. म्हातारा एवढा कसला ताठ, असं मी घरी येऊन चांगलं तासभर बोलले. पुढे सहा महिने पाच वाजले की आबांचं दार बंद. काकी बसायची, दम घ्यायची, उठायची, आणि उठताना त्या दाराकडे बघून पदर सारखा करायची.

शिमगा आला. तोवर चढावर तीनच खुर्च्या उरल्या होत्या: एक फाट्याजवळच्या वळणावर, एक आबांच्या ओटीसमोर, एक टाकीपाशी. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, घाई करू नका, बसत बसत जा, काही होत नाही. मुलगा चारच्या एस.टी.नं येणार होता. काकी नवं लुगडं नेसून साडेतीनलाच चालत खाली गेली, मी तिच्यामागे. एस.टी. आली साडेपाचला. मुलगा उतरला, हातात भलीमोठी बॅग. रिकामी होती, ते ती ज्या तऱ्हेनं लोंबत होती त्यावरूनच कळत होतं.

आईला फाट्यावर उभी बघून तो वाकून पाया पडला. "चल," काकी म्हणाली आणि निघाली.

पहिली खुर्ची येईपर्यंत तिनं त्याला वाडीतल्या सगळ्या सोयरिकी सांगितल्या. बसली, पाणी प्याली, उठली. वळणानंतर बकऱ्यांचा विषय निघाला. मुलगा "हं, हं" म्हणत होता आणि तिच्या पावलांकडे बघत होता. पुढं चढ उभा झाला. काकीचं बोलणं आखूड झालं. मग तुकडे पडायला लागले. आणि आबांचं घर दिसलं तेव्हा ते पूर्ण थांबलं.

ओटी भरलेली होती. पालखीचं ठरवायला वाडीतली दहा-बारा माणसं जमलेली, मध्ये आबा. पाच केव्हाच वाजून गेले होते; नेहमीसारखे आत जाऊन ते पुन्हा बाहेर येऊन बसले होते. काकी खुर्चीपाशी पोचली. पदर घेतला. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"आये, बस," मुलगा म्हणाला.

तिनं मान हलवली. बोलताच येत नव्हतं. मला दिसत होतं, तिच्या गळ्याशी शीर उडत होती. आणखी पंधरा मिनिटांची वाट बाकी, आणि ती इथं बसणार नाही हे मला पक्कं ठाऊक. न बसता पुढं गेली तर टाकीपर्यंत पोचायची नाही. मुलाचा चेहरा बदलायला लागला. त्यानं बॅग या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं, संपलं. सहा महिन्यांच्या सगळ्या बदल्या ह्या एका पदरापायी फुकट गेल्या.

आबा उठले. मला वाटलं, जातात आता आत. ते ओटीच्या पायऱ्या उतरून खाली आले. काठी टेकत थेट खुर्चीपाशी. काकी आणखी आक्रसली. आबा म्हणाले, "बस."

ती उभीच.

"तुलाच सांगतोय. बस."

मध्ये मांजर नव्हतं, मी नव्हते, कुणीच नव्हतं. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी तिला उद्देशून काढलेला तो पहिला शब्द. तरीही तिचे गुडघे वाकेनात. तेव्हा आबांनी काठी बाजूला ठेवली आणि ते हळूच, हाडं मोडत, ओटीच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर बसले. खुर्चीपेक्षा खाली. मग काकी बसली.

ओटीवर कुणी पान चावेना. काकीनं श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. शीर हळूहळू शांत झाली. आबांनी पुतण्याकडे पाहिलं. "एवडी बॅग कशाला आनलीस?"

"आयेला न्यायला," तो म्हणाला.

"हिला नेतोस?" आबा म्हणाले. "सा म्हैने रोज पाच वाजलं की मी घरात जाऊन बसतोय. उकाड्यात, दार लावून. का, तर हिला हितं बसता यावं. ही बसली, हिचा दम खाली आला, मंग मी भाएर. एवडं केलं ते तू हिला घेऊन जावास म्हनून?"

काकीनं मान वर केली. तिला कळलं, मला कळलं, आणि मी सहा महिने त्या म्हाताऱ्याला दिलेल्या शिव्या आठवून माझे कान तापले. काकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं ते पुसलंही नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली. "भावजी," ती म्हणाली, "उद्यापास्नं भाएरच बसा. मी बी बसते."

आबांनी नुसती मान डोलावली.

मग काकी उठली आणि उरलेला चढ चढून गेली. टाकीपाशी एकदा बसली. सगळी वाट बोलत होती. काय बोलली ते मला आठवत नाही, कारण मी मागून रडत चालले होते. मुलगाही डोळे पुसत होता. त्याला दमही लागला होता, पण त्याला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

पालखी नाचून देवळात गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगा परत निघाला. बॅग उचलवत नव्हती. तांदूळ, कडवे वाल, आमसुलं आणि आणखी काय काय तिनं कोंबलं होतं. काकी त्याला पोचवायला फाट्यापर्यंत आली. त्यानं एस.टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढला, तो तिनं क्षणभर धरला. "पोचलास की फोन कर. उगाच काळजी लावू नकोस," ती म्हणाली. गाडी सुटली, वळणाआड गेली. काकीनं पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल गो, घरी जाऊ."